ठाण्यात रात्री कुठे खावं, कुठे बसावं आणि परत कसं यावं

ठाण्यात पहिल्यांदा येणारी माणसं बहुतेक वेळा रात्रीचा क्रम उलटा लावतात. आधी बार शोधतात, दोन पेग झाले की भूक आठवते आणि परतीचा विचार बिल भरताना सुरू होतो. तोवर जुन्या ठाण्यातल्या चांगल्या खाण्याच्या दुकानांची शटरं खाली आलेली असतात, शेवटची लोकल निघून गेलेली असते आणि स्टेशनबाहेरचा रिक्षावाला मीटर टाकायला तयार नसतो. क्रम सरळ केला तर हेच शहर खिशाला परवडतं आणि रात्रही छान जाते. आधी परतीचं ठरवायचं, मग खायचं, मग बसायचं.

नोकरीसाठी नुकते आलेले, लग्नकार्याला आलेले, वागळे इस्टेटमध्ये आठवडाभराच्या ट्रेनिंगला आलेले किंवा मुलुंडचा चेकनाका ओलांडून शनिवारी इकडे येणारे, अशा सज्ञान माणसांसाठी हे लिहितोय. चेकनाक्याबद्दल एक चांगली गोष्ट: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना टोल नाही. त्यामुळे मुंबईहून कारनं येणं स्वस्त झालं, आणि नेमकं म्हणूनच पुढचा भाग नीट वाचा.

परतीचं आधी

पिणार असाल तर गाडी आणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळेला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शनिवारी रात्री नाकाबंदी असतेच. गटारीला, म्हणजे श्रावणाआधीच्या अमावास्येच्या आसपास, आणि ३१ डिसेंबरला तर चौकाचौकात असते. दंडापेक्षा मोठी गोष्ट घोडबंदर रोडची आहे. दिवसा अडवून ठेवलेली अवजड वाहनं तिथे रात्री सुटतात, मेट्रोच्या कामामुळे रस्ता जागोजागी अरुंद झालाय, आणि पिऊन दुचाकी चालवणाऱ्याला तिथे कुणी वाचवू शकत नाही.

लोकलनं जाणार असाल तर एम-इंडिकेटर ॲपवर दोन्ही दिशांच्या शेवटच्या गाड्या संध्याकाळीच बघून ठेवा. कल्याणकडे मध्यरात्रीनंतरही गाड्या असतात, मुंबईकडे जाणाऱ्या मात्र आधी आटोपतात. मुलुंड, भांडुप, घाटकोपरची माणसं नेमकी इथेच फसतात. त्यानंतर पहाटे चारच्या सुमारापर्यंत काही नाही. शनिवारी रात्री ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, आहे का तेही बघा. रात्री उशिरा महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. एकटी बाई असेल तर त्याच डब्यात बसावं.

रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट. दीडपट किंवा दुप्पट असं काही नसतं. स्टेशनच्या दारात घासाघीस करण्यापेक्षा चार पावलं पुढे येऊन चालती रिक्षा थांबवा किंवा ॲपवरून बोलवा. शेअर रिक्षा आणि टीएमटीच्या बस रात्र चढेल तशा कमी होत जातात, त्यांच्या भरवशावर बाराची वेळ गाठू नका.

राहायला स्टेशन परिसरात साधी लॉज मिळतात. ओळखपत्र मूळ ठेवा आणि खोली आधी डोळ्यांनी बघून मग पैसे द्या. सज्ञान जोडप्याला, लग्न झालेलं नसलं तरी, खोली देऊ नये असा कायदा नाही. मात्र काही लॉजवाले स्वतःच्या नियमानं नाकारतात, त्यामुळे फोनवर आधी विचारलेलं बरं.

संध्याकाळी सहा ते नऊ: खाऊन घ्या

स्वस्त खाण्याचं ठाणं म्हणजे जुनं ठाणं. स्टेशन, जांभळी नाका, तलावपाळी (मासुंदा तलावाचा काठ), नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड. हे सगळं पायी होतं. घोडबंदर रोडच्या चकचकीत हॉटेलांत पैसे जातात, पण ठाण्याची चव इथेच आहे हे मी ठामपणे सांगतो.

सुरुवात मामलेदार मिसळीनं करा. तहसील कचेरीला लागून आहे, नाव त्यावरूनच पडलं. इथे तिखट, मध्यम आणि फिकी असं विचारतात. बाहेरगावच्या माणसानं पहिल्यांदा मध्यमच घ्यावी. तिखट म्हणजे खरोखर तिखट असते, आणि पुढे दारू पिणार असाल तर तो जाळ रात्रभर पोटात राहतो. ही मिसळ रात्री उशिरा मिळणार नाही, म्हणून संध्याकाळचा पहिला थांबा हाच.

वडापावचं ठाण्यात प्रत्येकाचं एक दैवत असतं. कुंजविहार स्टेशनच्या अगदी जवळ, तिथला वडा आकारानं मोठा आणि सोबत लस्सी. नौपाड्यातल्या गजाननकडे वड्याबरोबर मिळते ती पिवळी, बेसनाची पातळसर चटणी. माझं मत गजाननच्या बाजूनं आहे, कारण वडा तर सगळीकडे असतो, ती चटणी नसते. मागाल तेवढी पुन्हा मिळेल असं धरू नका, गर्दीच्या वेळी पहिल्याच वाढीत पुरवून खा. मामलेदार आणि गजानन दोन्ही एका संध्याकाळी सहज होतात, आणि दोनशेची नोट मोडली तरी पोट भरलेलं असतं. रात्रीच्या गाडीनं गावी जाणार असाल तर पाचपाखाडीच्या प्रशांत कॉर्नरमधून फरसाण बांधून घ्या.

मासे खायचे असतील तर मोठ्या पाटीच्या रेस्टॉरंटपेक्षा मालवणी किंवा आगरी-कोळी खानावळ बघा. ठाणं मुळात खाडीकाठचं गाव, स्टेशनला लागून आजही चेंदणी कोळीवाडा आहे. खानावळीत थाळी मागा: तळलेल्या माशाचा तुकडा, कालवण, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. बांगड्याची थाळी सगळ्यात स्वस्त असते आणि ताजा बांगडा सुरमईपेक्षा काही कमी नसतो. पापलेटचा भाव ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला असेल तर मासा तव्यावर जाण्याआधी आकडा विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या दिवसांत ताज्या पापलेटच्या नादी न लागता सुका बोंबील, जवळा किंवा खाडीतले मासे घ्या.

रमजानच्या महिन्यात आलात तर राबोडी किंवा मुंब्रा-कौसा गाठा. रात्रभर शिगा फिरत असतात, कबाब, नल्ली, मालपुवा, फिरनी. त्या महिन्यात ठाणे महापालिकेच्या हद्दीत रात्री एवढं जिवंत दुसरं काही नसतं, आणि स्वस्तही नसतं. पोरंबाळं, म्हातारी माणसं सगळी रस्त्यावर असतात, तुम्हीही तसेच घरच्यासारखे जा. पिऊन मात्र जाऊ नका.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण बारच्या याद्यांमध्ये ती कधीच येत नाही. ठाण्यातली रात्र घालवायचा उत्तम मार्ग नाटक हा आहे. तलावपाळीला लागून गडकरी रंगायतन, आणि घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. गडकरी दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. बाल्कनीचं तिकीट एका कॉकटेलपेक्षा स्वस्त पडतं. प्रयोग सुटला की मासुंदा तलावाभोवती एक चक्कर, भेळ, कुल्फी, आणि लोकल पकडायला स्टेशन चालत दहा-बारा मिनिटांवर. ज्यांना प्यायचंच नाही त्यांची रात्र इथे पूर्ण होते.

बसायचं असेल तर

आधी कायदा, कारण नवख्या माणसाला बाहेरगावचे नियम इथेही चालतील असं वाटतं. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. पिण्यासाठी परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, देशीचा २ रुपयांना, वर्षाचा १०० आणि आजन्म १००० रुपयांना. बहुतेक परमिट रूममध्ये, म्हणजे बसून प्यायच्या परवानाधारक बारमध्ये, एक दिवसाचा परवाना काउंटरवरच फाडतात. महाराष्ट्रात वारंवार येणं होणार असेल तर आजन्म परवाना ऑनलाइन काढून टाका, प्रश्नच मिटतो. ड्राय डे पंचांग आणि कॅलेंडर दोन्हींत बघावे लागतात: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी. निवडणूक असली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही.

परमिट रूम रात्री दीडपर्यंत. शेवटची ऑर्डर त्याच्या अर्धा तास आधी घेतात. नाताळ आणि ३१ डिसेंबरला सरकार दरवर्षी वेळ वाढवून देतं, पण ते त्या वर्षीच्या आदेशावर असतं. दीडनंतर ‘आत चालू आहे, मागच्या दारानं या’ असं कुणी सांगितलं तर जाऊ नका. धाड पडली की मालकाबरोबर गिऱ्हाइकाचीही रात्र पोलीस ठाण्यात जाते. २०२४ च्या जूनअखेरीस ठाण्यात बेकायदा पब-बारवर महापालिकेनं बुलडोझर चालवले होते. त्यानंतरही नवी ठिकाणं निघत राहतात, म्हणून भिंतीवर परवाना लावलेला आहे का हे बघायची सवय ठेवा.

आता जागा. स्वस्तात बसायचं तर साधी परमिट रूम. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना, वागळे इस्टेटमध्ये, चेकनाका ते तीन हात नाका या पट्ट्यात भरपूर आहेत. बऱ्याचशा तुळुनाडूतून (मंगळूर-उडुपीच्या भागातून) आलेल्या शेट्टी मंडळींच्या. अशा ठिकाणी एकच स्वयंपाकघर आणि दोन भाव असतात: खाली नॉन-एसी, वर एसी. तीच बाटली, तोच चकना, वर गेलं की आकडा वाढतो. खालीच बसा. लाकडी किंवा सनमायकाची टेबलं, भिंतीला लावलेला टीव्ही, त्यावर आवाज बंद केलेली मॅच. ऑर्डर न देताच स्टीलच्या वाटीत खारे शेंगदाणे किंवा उकडलेले चणे येतात, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबाची फोड. तो चकना फुकट असतो. मसाला पापड, सलाड आणि शेंगदाणा मसाला फुकट नसतो, आणि वेटर विचारतो तेव्हा नुसती मान डोलावली की बिलात येतो. म्हणून स्पष्ट बोला: ‘साधा चकना चालेल.’

खाण्यात मेन्यूची शेवटची पानं, चायनीज आणि पंजाबी, सोडून द्या. शेट्टींच्या बारमध्ये आचारी मंगळुरी असेल तर चिकन सुक्का, कोळंबी घी रोस्ट, बांगडा पुळीमुंची घ्या. एका सुक्क्यात नीर डोसे किंवा चपात्यांबरोबर दोघांचं जेवण होतं. आचारी कुठला आहे हे वेटरला विचारायला लाजू नका, असा प्रश्न त्यांना आवडतो आणि त्या दिवशी काय चांगलं झालंय तेही मग खरं सांगतात.

पैशाचा हिशेब असा. पेगनं पिणं महाग पडतं. दोघे-तिघे असाल आणि ब्रँड एकच चालणार असेल तर १८० मिलीची क्वार्टर सीलबंद मागवा, तिचं सील टेबलावर तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. पेग घेतलाच तर स्मॉल ३० मिली, लार्ज ६० मिली, आणि माप डोळ्यासमोर ओतून घ्या. दारूवर जीएसटी नसतो, परमिट रूममध्ये १० टक्के व्हॅट लागतो. जीएसटी फक्त खाण्याच्या रकमेवर. बिलात दारूवरही जीएसटी लावलेला दिसला तर तिथल्या तिथे दाखवा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढून टाका म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. पण सर्व्हिस चार्ज काढलात तर वेटरच्या हातात टीप ठेवा. मध्यरात्रीपर्यंत उभा राहणारा तो माणूस तुमच्याइतकाच परगावचा असतो. बाटलीबंद पाण्याचे पैसे हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तसं म्हटलंय, तेव्हा साधं पाणी मागा. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढल्यापासून दारू महागलीच आहे, त्यामुळे जुन्या आठवणीतल्या भावावर बजेट बांधू नका.

लाउंज, मायक्रोब्रुअरी, डीजे हवा असेल तर हिरानंदानी इस्टेट, पोखरण रोड, मॉलच्या आसपासचा भाग. शनिवारी कव्हर चार्ज, जोडप्यांना वेगळा दर, एकट्या पुरुषांना कधी प्रवेशच नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी हॅपी अवर्समध्ये गेलात तर तेच ठिकाण बऱ्यापैकी परवडतं. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही, असे लाउंज सगळ्या शहरांत सारखेच.

ऑर्केस्ट्रा बार आणि सापळे

ठाणे, नवी मुंबई, पनवेल पट्टा ऑर्केस्ट्रा बारसाठी ओळखला जातो, म्हणून त्याबद्दल सरळ बोलतो. राज्यानं २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घातली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती टिकू दिली नाही, २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयानं काढल्या. पैसे उधळण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. आज तुम्हाला दिसतं ते बहुतांशी गायक-गायिकांचा ऑर्केस्ट्रा. मंचावर किती बायका आणि किती पुरुष असावेत ही अटही २०२२ मध्ये रद्द झाली.

जायचंच असेल तर गाणं ऐकायला जा. बसण्याआधी मेन्यूकार्ड मागा. इथे बिअरची किंमत बाहेरच्या कितीतरी पट असते आणि मेन्यू न दाखवता बाटली उघडणं हीच कमाईची रीत. टीप द्यायची तर वेटरमार्फत, आवाक्यात. फोटो-व्हिडिओ नाही, हात लावणं नाही. समोर उभी असलेली बाई कामावर आहे, तिच्या पगारावर घर चालतं, एवढं लक्षात ठेवलं की कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. बाहेर रेंगाळणारा दलाल ‘पुढची सोय’ सांगू लागला तर थांबू नका. अशा व्यवहारात पैसे तर जातातच, आणि त्यामागे जबरदस्तीनं आणलेल्या मुली असू शकतात. अल्पवयीन मुलगी दिसली तर १०९८ वर कळवा.

दुसरा सापळा डेटिंग ॲपचा, आणि तो सध्या जास्त जोरात आहे. ओळख होते, दोन दिवसांत भेटायचं ठरतं, आणि ती व्यक्ती एकाच विशिष्ट लाउंजचा आग्रह धरते. तिथे महागडी ड्रिंक्स मागवली जातात, ती फोन आला म्हणून उठते आणि हजारोंचं बिल टेबलावर येतं. दाराशी दोन धिप्पाड माणसं. उपाय एकच: भेटायची जागा तुम्ही सुचवा, तलावपाळी किंवा मॉलमधलं कॉफी शॉप. समोरच्यानं नकार दिला तर उत्तर मिळालं. अडकलातच तर वाद न घालता ११२ लावा.

येऊरला रात्री जाऊ नका. डोंगर सुंदर आहे, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. बिबटे आहेत, आदिवासी पाडे आहेत, आणि तिथल्या बंगल्यांमधल्या पार्ट्यांच्या दणदणाटाविरुद्ध गावकरी आणि पर्यावरणवाले किती वर्षं भांडतायत. येऊर पहाटे चालायला बघा. उपवन तलावाच्या काठावर किंवा तलावपाळीच्या कठड्यावर बाटली काढणंही तसंच. पोलीस उचलतात, आणि घरच्या मंडळींना घेऊन आलेल्या लोकांची संध्याकाळ बिघडते.

दीडनंतरची भूक

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्पष्ट केलं की दारू न देणारी दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी राहू शकतात. कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात जुन्या ठाण्यात मध्यरात्रीनंतर गाड्यांवरच भागवावं लागतं. भुर्जीची गाडी निवडताना तवा बघा. चांगला भुर्जीवाला कांदा-मिरची लाल होईपर्यंत थांबतो, मग टोमॅटो, मग अंडी फोडून स्टीलच्या ग्लासाच्या काठानं तव्यावरच बारीक कापत जातो, आणि शेवटी पाव उघडून त्याच मसाल्यावर पालथा दाबतो. ज्याच्याकडे भुर्जी आधीच करून पातेल्यात ठेवलीय तिथून पुढे जा. चायनीजच्या गाड्यांवरचं लाल तेल प्यायलेल्या पोटाला मानवत नाही, ते टाळलेलं बरं. सायकलवर चहाची किटली घेऊन फिरणारे स्टेशन आणि वागळे भागात रात्रपाळीच्या लोकांसाठी असतातच.

नवी मुंबईला जायचं असेल तर

ठाण्याच्या ९ आणि १० नंबर फलाटांवरून ट्रान्स-हार्बर लोकल वाशी, नेरुळ, पनवेलकडे जाते. वाशीचं सेक्टर १७ आणि बेलापूरचं सेक्टर १५ इथे बार-रेस्टॉरंटं एका ओळीत आहेत. पायी हिंडून, दारावरचे मेन्यू वाचून निवडता येतात, ठाण्यात एवढी सोय नाही. खारघरला बसायला म्हणून जाऊ नका, तिथल्या रहिवाशांनी दारूच्या दुकानांविरुद्ध वर्षानुवर्षं चळवळ चालवलीय आणि त्यांचा मान ठेवावा. तिथे खायला जा. पाम बीच रोडवर रात्री रिकामा रस्ता बघून दुचाकी पळवायचा मोह होतो, त्या रस्त्यावर झालेले अपघात इथल्या प्रत्येकाला माहीत आहेत. तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, भाजीचे ट्रक मध्यरात्रीनंतर लागतात, त्यामुळे हमाल-ड्रायव्हरांसाठीच्या चहा-नाश्त्याच्या टपऱ्या तेव्हा सुरू असतात. चहा, पाव, कधी गरम भजी, सगळं हमालाच्या खिशाला झेपेल अशा भावात. ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी मात्र मेन लाइनच्या आधी संपते. ती चुकली तर वाशीहून ठाण्याला रात्रीच्या दरानं रिक्षा किंवा ॲपची टॅक्सीच करावी लागेल, तेवढे पैसे वेगळ्या खिशात ठेवा.